बाजारात राहावे की निघून यावे?

मूळ शास्त्रभाग : प्रेषितांची कृत्ये, अध्याय १७, वचने १६ ते ३४



दौंड तालुक्यातील एका खेड्यातल्या तरुण उपदेशकाने गेल्या महिन्यात आराधना आटोपल्यावर आम्हांस बाजूस बोलाविले आणि विचारिले, "पाळकसाहेब, मी फेसबुक, व्हॉट्सॲप हे सर्व सोडून द्यावे काय? होय की नाही, एवढे स्पष्ट सांगा." आम्ही त्यास त्या वेळी उत्तर दिले नाही. "प्रार्थना करून सांगतो," असे म्हणालो. पाळक असे म्हणतो तेव्हा पुष्कळदा त्याजपाशी उत्तर नसते, हे तुम्हीही जाणता. त्याच आठवड्यात शिरूरकडील दोन भगिनींनी आपल्या मुलांविषयी हाच प्रश्न केला. तेव्हा हा एकट्यादुकट्याचा प्रश्न नव्हे असे पाहून आम्ही शास्त्र उघडून बसलो, व जे आढळले ते येथे सर्वांपुढे ठेवीत आहो.

पौल बिरुयाहून अथेनैस आला तो उपदेशाचा बेत करून आला नव्हता. सीला व तीमथ्य मागून यावयाचे होते, त्यांची वाट पाहत तो त्या नगरात राहिला होता. रिकाम्या वेळी मनुष्य जसा इकडे तिकडे पाहतो तसे त्याने पाहिले, आणि नगर मूर्तींनी भरलेले पाहून त्याचा जीव तळमळला. परंतु आम्हांस आज ज्या गोष्टीकडे तुमचे लक्ष वेधावयाचे आहे ती २१ व्या वचनात आहे. लूक तेथे अथेनैकरांचा एक स्वभाव सांगतो. काही तरी नवे सांगणे किंवा ऐकणे, ह्यावाचून दुसऱ्या कशातही त्या लोकांचा वेळ जात नसे.

लूक हा वैद्य होता. हे वचन त्याने वैद्याच्या रीतीनेच लिहिले आहे, असे आम्हांस वाटते. ते लोक खोटे बोलत, असे तो म्हणत नाही. ते चोर होते, व्यभिचारी होते, असेही म्हणत नाही. ते एकमेकांस जे सांगत ते कदाचित खरेच असेल. रोग निराळाच होता. त्यांचे ऐकणे संपत नसे. काल ऐकलेले आज शिळे होई, आणि शिळे झालेले मनात मुरण्याच्या आधीच टाकून देण्यात येई. अशा लोकांपुढे पौलाने पुनरुत्थानाची वार्ता सांगितली, तेव्हा त्यांनी तीही एक नवी गंमत म्हणूनच ऐकिली.

आपल्या खेड्यांतही पार होता, चावडी होती, पाणवठा होता. तेथे गावगप्पा चालत आणि त्यांत निंदाही पुष्कळ असे. जुने दिवस सगळे पवित्र होते असे आम्ही म्हणणार नाही. तथापि दिवेलागणीला पार रिकामा होई. म्हशीची धार काढावयाची असे, चूल पेटवावयाची असे. आता हातात जो पार आला आहे तो रिकामा होत नाही. हे आपोआप घडले असे समजू नका. अमेरिकेतील अझा रास्किन नावाच्या गृहस्थाने २००६ साली अशी युक्ती काढिली की, वाचणाऱ्याला पानाचा तळ कधी लागूच नये. एक संपण्याच्या आत खालून दुसरे यावे. पुढे त्याने स्वतःच ह्या शोधाविषयी खेद प्रकट केला. आपल्याकडे ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाल्यापासून हे तळ नसलेले पान शेतमजुराच्या खिशातही आले. ते फुकट दिसते, परंतु ह्या कंपन्यांचा बहुतेक पैसा जाहिरातींतून येतो, आणि आपण जितका वेळ पाहत बसतो तितक्या जाहिराती आपल्यापुढून जातात. म्हणजे त्या बाजारात आपण गिऱ्हाईक नाही, तागडीत घातलेला माल आहो.

इतके ऐकून पुष्कळ देवभीरू लोक म्हणतील, तर मग पाळकसाहेब, निघून यावे हेच उत्तर. आम्हीही प्रथम हेच लिहिणार होतो. परंतु १७ वे वचन आडवे आले. पौल काय करीत होता? सभास्थानात यहूद्यांबरोबर, आणि बाजारात दररोज जे कोणी भेटत त्यांच्याबरोबर तो वाद करीत होता. बाजारात, आणि तोही दररोज! ज्या नगरीचा रोग लूक सांगतो त्याच नगरीच्या चौकात प्रेषित उभा आहे. म्हणून बाजारात पाय ठेवणे हेच पाप, असे आम्हांस सांगता येत नाही.

आणि आपल्या दोन तालुक्यांत तर ते सांगणे निर्दयपणाचे होईल. २०२५ च्या ऑक्टोबर व नोव्हेंबर महिन्यांत शिरूर तालुक्यातील पिंपरखेड व जांबूत ह्या भागात बिबट्याच्या हल्ल्यांत तीन जीव गेले, त्यांत दोन लेकरे होती. घोड व भीमा ह्या नद्यांच्या काठचा ऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांस हे सांगावयास नको की, त्या उसात दहा पावलांवरचे जनावर दिसत नाही. "अमक्याच्या मळ्यात बिबट्या दिसला, पोरे बाहेर सोडू नका," एवढा निरोप संध्याकाळी मोबाईलवर आला तर एक लेकरू वाचू शकते. ज्या आईने हा निरोप वाचून अंगणातले पोर उचलून घरात घेतले तिला आम्ही कोणत्या तोंडाने सांगावे की बाई, हे सैतानाचे यंत्र टाकून दे? २०२० साली टाळेबंदीत मंदिरांची दारे बंद झाली तेव्हा आमच्या कित्येक म्हाताऱ्या बहिणींनी नातवाच्या मोबाईलवर उपासना ऐकिली. रांजणगावच्या कारखान्यात रात्रपाळी करणारा मुलगा आईला तोंड दाखवितो ते ह्याच मार्गाने. रक्त हवे असते, कांद्याचा भाव कळावयास हवा असतो, मयत झाल्याचे कळवावयाचे असते. ही सर्व कामे खरी आहेत.

परंतु त्याच नोव्हेंबर महिन्यात पुण्याकडे, कृत्रिम बुद्धीने घडविलेली बिबट्यांची खोटी चित्रेही लोक एकमेकांस पाठवीत होते, हे विसरू नका. एकाच नळातून गोड व खारे पाणी यावे तशी ही गोष्ट आहे. याकोबाने आपल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात जिभेविषयी हेच दुःख केले आहे, आणि लहानशा ठिणगीने केवढे रान पेटते तेही सांगितले आहे. ती ठिणगी आपल्या महाराष्ट्राने पाहिली आहे. १ जुलै २०१८ रोजी, धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे, बाजाराच्या दिवशी, मुले पळविणारी टोळी आली आहे ह्या मोबाईलवरून पसरलेल्या अफवेने पाच माणसांचा जीव घेतला. ती माणसे सोलापूर जिल्ह्याकडील नाथपंथी डवरी गोसावी समाजाची होती, भिक्षा मागून पोट भरीत होती. त्यांस ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारिले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲप कंपनीने, भारतात एक मजकूर एका वेळी पाचापेक्षा अधिक ठिकाणी पुढे पाठविता येऊ नये, असा निर्बंध घालण्याचे ठरविले. पाच माणसे गेल्यावर पाचाची मर्यादा आली, हे आम्ही जेव्हा जेव्हा आठवतो तेव्हा आमचा आवाज बसतो.

आणि हे धुळ्याकडचे म्हणून दूर लोटू नका. आपल्या दौंड तालुक्यातच, सोलापूर रस्त्यावरच्या यवत गावी, १ ऑगस्ट २०२५ रोजी, एका तरुणाने समाजमाध्यमावर टाकलेल्या मजकुरावरून दोन समाजांत तंटा पेटला, मोडतोड व जाळपोळ झाली, पोलिसांस अश्रुधूर सोडावा लागला आणि जमावबंदीचा हुकूम निघाला. त्या दिवशी आपल्या मंडळ्यांतीलही किती बोटे तो मजकूर पुढे पाठविण्यास शिवशिवली, आणि किती जणांनी पाठविला, ते ज्याचे त्याने देवापुढे आठवावे. आमची मंडळी गावात मूठभर आहे. मूठभर माणसांनी गावात शांती राखण्याचे काम करावयाचे, की जाळावर वाळली कडबी टाकावयाची?

येथवर आम्ही दुसऱ्यांविषयी बोललो. आता स्वतःविषयी बोलणे प्राप्त आहे, नाही तर हा उपदेश कोरडा राहील.

आमच्या एका मंडळीचा व्हॉट्सॲपवर ग्रुप आहे. चाळीस एक घरे त्यात आहेत. मागील कापणीच्या सणाच्या वर्गणीचा हिशेब पाहताना एका बंधूच्या नावापुढे काहीच रक्कम दिसली नाही. हा बंधू सभेत बोलण्यात पुढे असतो. रात्री अकरा वाजले होते, आम्ही दमलो होतो, आणि मनात राग होता. आम्ही ग्रुपवर लिहिले की, मंडळीच्या पैशाचा हिशेब मागणाऱ्यांनी आधी आपला वाटा भरावा. नाव लिहिले नाही. परंतु खेड्यात नाव लिहावे लागत नाही. सकाळी खजिनदार आला व म्हणाला, पैसे त्याने केव्हाच दिले आहेत, वहीत चढवावयाचे राहिले. आम्ही तो मजकूर घाईने पुसला. पुसल्याची खूण मात्र तेथे राहते, आणि एकाने त्याआधीच त्याचे चित्र काढून ठेविले होते. दुपारपर्यंत ते चित्र त्या बंधूच्या बायकोच्या माहेरी पोहोचले.

मत्तयाच्या १८ व्या अध्यायात प्रभूने घालून दिलेला क्रम आम्ही सेमिनरीत तोंडपाठ केला होता. बंधूने अपराध केला तर प्रथम तू व तो, दोघेच. त्याने ऐकिले नाही तर आणखी एकदोघे बरोबर घे. शेवटी मंडळी. ग्रुपवर हा क्रम उलटा होतो. मंडळी आधी, साक्षी मागून, आणि ज्याच्याशी एकट्याने बोलावयाचे त्याच्याशी बोलणे राहूनच जाते. यंत्राने आम्हांस असे करावयास लाविले, असे म्हणून आम्ही सुटू पाहत नाही. एदेनबागेपासून मनुष्य दुसऱ्याकडे बोट दाखवीत आला आहे. राग आमचाच होता. परंतु एक गोष्ट खरी. त्या रात्री मोबाईल हाती नसता तर त्या बंधूचे घर दोन मैलांवर होते, रात्र काळोखी होती, आणि आम्ही सकाळपर्यंत थांबलो असतो. सकाळी खजिनदार आलाच असता.

ज्या तरुण उपदेशकाने आम्हांस प्रश्न केला त्याच्याकडे आता वळतो. आम्ही पुढे त्याच्या घरी गेलो व त्यास विचारिले, "तू हे का विचारतोस?" तेव्हा त्याने मान खाली घालून सांगितले की, रात्री जेवण झाल्यावर पाच मिनिटे म्हणून रील पाहावयास बसतो तो एक वाजतो, कधी दोन वाजतात. शनिवारी उपदेशाची तयारी होत नाही. मग रविवारी सकाळी मोबाईलवरच कोणाचा तरी तयार उपदेश पाहून तोच सांगतो. लोक "छान झाले" म्हणतात, आणि ते ऐकून त्यास रडू येते. पवित्र शास्त्र उघडून किती दिवस झाले, असे विचारिता तो म्हणाला, "वचने रोज वाचतो, पाळकसाहेब, ग्रुपवर येतात." ती कशी येतात ते तुम्ही पाहिलेच आहे. गुलाबाचे फूल, सूर्योदय, वर 'शुभ सकाळ', आणि मध्ये अर्धे वचन. पुष्कळदा त्याखाली लिहिलेला अध्याय भलताच असतो.

तो जेथे राहतो त्याच तालुक्यात केडगाव आहे. तेथील मुक्ती मिशनात पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटली वर्षे एकाच कामास वाहिली. सगळे पवित्र शास्त्र साध्याभोळ्या बायकांस समजेल अशा मराठीत त्या मूळ भाषांवरून उतरीत होत्या. हिब्रू व ग्रीक त्या त्यासाठी शिकल्या. छपाईचे काम तेथल्याच स्त्रियांनी केले. टाकून दिलेल्या, दुष्काळातून वाचलेल्या त्या मुली शिशाचा एकेक खिळा जुळवीत होत्या. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई प्रभूकडे गेल्या, आणि त्यांचे शास्त्र १९२४ साली पूर्ण छापून निघाले. आम्ही त्या उपदेशकास एवढेच विचारिले की, ज्या शब्दांकरिता त्या मुलींनी अक्षरे वेचली ते वाचावयास तुला अर्धा तास नाही, तर तुझा अर्धा तास कोणी नेला? तो काही बोलला नाही. त्याची बायको दाराशी उभी होती. ती म्हणाली, "त्यांनाच विचारा."

त्यास आम्ही सांगितले, "तू सोडून दे." प्रभूने उजव्या डोळ्याविषयी जी कठोर गोष्ट सांगितली ती अशाच मनुष्यासाठी आहे. डोळा वाईट नसतो. परंतु ज्याला तोच खड्ड्यात नेतो त्याने तो जतन करण्याविषयी युक्तिवाद करू नये. पौल म्हणतो, मला सर्व मोकळीक आहे, तरी मी कशाच्याही ताब्यात जाणार नाही. ज्याला पाच मिनिटांचे दोन तास होतात तो ताब्यात गेलेला आहे, त्याने मापून पिण्याची भाषा करू नये. दारू सुटलेल्या आमच्या बंधूंस हे निराळे समजावून सांगावे लागत नाही.

सोडण्याची रीतही सांगावी लागली, कारण तो म्हणाला की पूर्वी दोनदा सोडून पाहिले होते. त्याने केले होते ते इतकेच की मोबाईलवरून चिन्ह काढून टाकिले. खाते तसेच होते. फेसबुकावर खाते तात्पुरते झाकून ठेविता येते आणि कायमचे पुसताही येते. ह्या दोन गोष्टी निराळ्या आहेत. कायमचे पुसा म्हटल्यावरही कंपनी तीस दिवस थांबते, आणि तेवढ्यात तुम्ही परत आत शिरलात तर पुसणे रद्द करिता येते. लूकाच्या चौथ्या अध्यायात सैतान प्रभूला सोडून गेला तो संधी मिळेपर्यंतच गेला, असे लिहिले आहे. ते तीस दिवस ही त्याची संधी समज, असे आम्ही त्यास म्हणालो. म्हणून बायकोस सांगून, तिच्यासमोर, त्याच रात्री पुसावयाचे. आजाऱ्याचे बोलावणे यावे म्हणून बटनांचा साधा फोन उशाशी ठेवावयाचा. बिबट्याचा निरोप शेजारच्या घरातून हाक मारून कळेल, तशी शेजाऱ्यास विनंती करून ठेवावयाची. शेजाऱ्याची गरज पुन्हा लागू लागली, ही त्यात एक बरी गोष्ट झाली.

परंतु ज्या आईचा मुलगा परगावी आहे, जी दिवसातून एकदा त्याच्याशी बोलते आणि फोन ठेवून भाकरी थापावयास बसते, तिला आम्ही काय सोडावयास सांगावे? तिने सुखाने राहावे. एकाचे सोडणे पाहून दुसऱ्याने त्याचा न्याय करू नये, आणि सोडणाऱ्याने आपल्या सोडण्याचा डंका पिटू नये. "आम्ही फेसबुक सोडले" असे फेसबुकावर लिहून मग आठ दिवस त्याची उत्तरे वाचीत बसलेला एक भाऊ आम्हांस ठाऊक आहे.

आता शिरूरकडील त्या दोन बहिणींच्या मुलांचे. ऑस्ट्रेलिया देशाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांस ह्या माध्यमांवर खाते ठेवण्यास मना केली आहे. यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्यात बान्शी ग्रामपंचायतीने २०२२ च्या नोव्हेंबरात अठरा वर्षांखालील मुलांच्या मोबाईल वापरावर बंदीचा ठराव केला होता. परंतु आमच्या मनास अधिक लागले ते सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव. तेथे १५ ऑगस्ट २०२२ पासून सायंकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजू लागला, आणि साडेआठपर्यंत घरोघरी टीव्ही व मोबाईल बंद. लेकरे पुस्तक घेऊन बसतात, मोठी माणसे बोलतात, वाचतात. गावसभेत बोलून हे ठरविले, कोणावर लादले नाही. ह्यातली खुबी अशी की, बंद करणारा एकटा पडत नाही. शेजारचाही त्याच वेळी बंद करितो. आणि पोराचा मोबाईल हिसकावून बाप स्वतः पाहत बसला, असे होत नाही. ते गाव ख्रिस्ती नाही. आपल्या घरांत कौटुंबिक प्रार्थनेची वेळ पूर्वी हीच, दिवेलागणीची होती. ती कोणत्या वर्षी बंद पडली ते आम्हांस आठवेना. त्या बहिणींस आम्ही विचारिले, "सात ते आठ तुमचा स्वतःचा फोन कोठे असतो?" एक हसली. दुसरी म्हणाली, "सिरियल त्यातच बघते, पाळकसाहेब." करिंथकरांस मांसाविषयी लिहिताना पौल म्हणतो की, माझ्या खाण्याने दुर्बळ बंधू अडखळत असेल तर मी मुळीच खाणार नाही. आपल्या घरातील दुर्बळ बंधू आठ वर्षांचा असतो आणि आपल्याच मांडीशी बसून पाहत असतो.

पौलाचे पुढे काय झाले तेही पाहा. अथेनैत काहींनी थट्टा केली, काही म्हणाले पुन्हा कधी ऐकू, आणि थोड्यांनी विश्वास ठेविला. दिओनुस्य व दामारी ही त्यांतली दोन नावे. मग पौल तेथून निघाला. थट्टा करणाऱ्यांस उत्तर देत बसला नाही. काम होते तोवर बाजारात होता, काम झाले तेव्हा निघाला. करिंथास जाऊन अक्विला व प्रिस्किल्ला ह्यांच्या घरी राहिला, त्यांच्याबरोबर हातांनी तंबू शिवले, आणि त्या नगरात दीड वर्ष राहिला. आम्ही आमचा फेसबुकवरचा वावर ह्याच वचनावरून तपासिला. तेथे आमचे काम काय, हा प्रश्न स्वतःस केला, आणि प्रामाणिकपणे जे उत्तर आले ते असे की, तेथे आम्ही इतर पाळकांच्या परिषदांची छायाचित्रे पाहून झुरत होतो. ते खाते आम्ही पुसले. व्हॉट्सॲप ठेविले आहे, कारण त्यावर आजाऱ्यांची बोलावणी येतात. मंडळीच्या ग्रुपवर ह्यापुढे उपासनेची वेळ, आजारपण, मयत आणि बिबट्या, इतकेच येईल. वर्गणीचा विषय आणि कोणाची कानउघाडणी तेथे होणार नाही, आमच्याकडूनही नाही. हे पंचांच्या सभेत ठरले, आणि ठरविताना आमची चूक आम्ही सर्वांसमोर सांगितली.

तो बंधू त्या सभेस आला नव्हता. दुसऱ्या दिवशी आम्ही पायी त्याच्या वस्तीवर गेलो व क्षमा मागितली. त्याने चहा केला, उसाला पाणी मिळत नाही वगैरे बोलला, त्या विषयावर एक शब्दही काढला नाही. पुढच्या रविवारी प्रभुभोजन होते. त्याच्या घरचे कोणी आले नाही. मागल्या शनिवारी पुन्हा गेलो. त्याची बायको आत निघून गेली. तो ओट्यावर आमच्याजवळ बसला आणि बऱ्याच वेळाने म्हणाला, "पाळकसाहेब, तुम्ही माझ्या घरी आलात; पण ते वाचले चाळीस घरांनी." त्या चाळीस घरांस आम्ही एकेक करून भेटत आहो. सव्वीस झाली आहेत.